जुन्या मॅन्युअल गिअरच्या गाड्यांचे क्लच आणि फ्लायव्हील कसे ओळखावेत : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गाडीचं मॉडेल आणि वर्ष माहीत आहे. तेवढ्यावर क्लच मागवता येणार नाही का?

नव्या गाडीसाठी येतो. पन्नास-साठ वर्षं चाललेल्या गाडीसाठी तेवढ्यावर विसंबू नका. एवढ्या काळात इंजिन बदललेलं असतं, गिअरबॉक्स दुसऱ्याच मॉडेलमधून आलेला असतो आणि कुणीतरी कधीतरी हाताला लागेल ते फ्लायव्हील लावून गाडी रस्त्यावर आणलेली असते. कागदपत्रांत यातलं काही सापडत नाही. शिवाय कारखान्यांनीही मॉडेल चालू असताना भाग बदलले आहेत. एमजीबी या ब्रिटिश स्पोर्ट्स गाडीचंच घ्या. १९६७च्या अखेरीस आलेल्या दुसऱ्या आवृत्तीत स्टार्टरचा प्रकार बदलला आणि गिअरबॉक्सही नवा आला. बाहेरून मात्र त्या सीमारेषेच्या दोन्ही बाजूंच्या गाड्या जवळपास सारख्याच दिसतात.

म्हणून गाडीचं नाव थोडं बाजूला ठेवा आणि समोर पडलेला धातू मोजा. क्लचमध्ये पाच ठिकाणी एक भाग दुसऱ्याला भिडतो: क्रँकशाफ्टला (इंजिनाचा फिरणारा मुख्य दांडा) फ्लायव्हील (त्याच्या टोकाची जड चकती), फ्लायव्हीलच्या दात्यांना स्टार्टर, फ्लायव्हीलला प्रेशर प्लेट (क्लच प्लेट फ्लायव्हीलवर दाबून धरणारा भाग), इनपुट शाफ्टला (गिअरबॉक्समधून पुढे आलेला दांडा) क्लच प्लेट आणि प्रेशर प्लेटला रिलीज बेअरिंग (पेडल दाबलं की प्रेशर प्लेटला ढकलून क्लच सोडवणारं). हे पाचही सांधे वेगवेगळे तपासायचे. चार जुळले म्हणून पाचवा जुळेलच असं नाही, आणि गिअरबॉक्स परत चढवल्यावर त्रास नेमका त्या पाचव्याचाच होतो.

मोजायला काय काय लागतं?

व्हर्निअर कॅलिपर, स्टीलची पट्टी, खोली मोजायचा डेप्थ गेज, खडू, एक लोहचुंबक आणि फोटो काढायला फोन. फोटोत प्रत्येक भागाशेजारी पट्टी ठेवा. व्हर्निअरवर मिलिमीटर आणि इंच दोन्ही असलेले बरे, कारण ब्रिटिश आणि अमेरिकन भाग इंचांत बसवलेले आहेत, जर्मन आणि फ्रेंच भाग मिलिमीटरमध्ये.

जुना क्लच उघडताना काही धोका आहे का?

आहे, आणि तो गंभीर आहे. जुन्या क्लच प्लेटच्या लायनिंगमध्ये, म्हणजे घासणाऱ्या थरात, अ‍ॅस्बेस्टॉस असायचा. ब्रिटनने त्याच्या वापरावर १९९९ मध्ये आणि युरोपीय संघाने २००५ पासून बंदी घातली. म्हणजे त्याआधीची कुठलीही प्लेट संशयितच समजायची. बेलहाउसिंगमध्ये, म्हणजे क्लचभोवतीच्या घरात, साठलेली काळी भुकटी हवेच्या झोताने कधीही उडवू नका आणि कोरड्या ब्रशने झाडू नका. योग्य प्रतीचा मास्क लावा, भुकटी पाण्याने भिजवा, ओल्या फडक्याने पुसा आणि फडकं पिशवीत बंद करा. लायनिंग घासून किंवा कापून पाहायची तर अजिबात गरज नाही. ओळख पटवायला लागणारी सगळी मापं प्लेट न खरवडता मिळतात.

क्लच प्लेटची नेमकी कोणती मापं घ्यायची?

पहिलं माप लायनिंगच्या बाहेरच्या कडेचा व्यास. प्लेट कितीही झिजली तरी तो फारसा बदलत नाही, त्यामुळे जुन्या प्लेटवरूनही भरवशाचा आकडा मिळतो. जाडी मात्र झिजते. नवी प्लेट न दाबता साधारण ८ ते ९ मिलिमीटर भरते, म्हणून जुन्या प्लेटची जाडी ओळखीसाठी वापरू नका.

दुसरं माप स्प्लाइनचं, म्हणजे शाफ्टवर आणि प्लेटच्या मधल्या हबमध्ये असलेल्या लांबट दात्यांचं, आणि सर्वात जास्त गफलत इथेच होते. नुसती स्प्लाइनची संख्या पुरेशी नाही, शाफ्टचा बाहेरचा व्यासही हवा. फोर्डच्या अनेक गिअरबॉक्सच्या शाफ्टवर १० स्प्लाइन असतात आणि व्यास १-१/१६ इंच. जनरल मोटर्सच्या बऱ्याच शाफ्टवरही १० स्प्लाइन, पण व्यास १-१/८ इंच. फरक एक षोडशांश इंचाचा, म्हणजे साधारण १.६ मिलिमीटर, डोळ्यांना जाणवत नाही. जनरल मोटर्सची प्लेट फोर्डच्या शाफ्टवर सहज सरकते आणि माणूस खूश होतो. प्रत्यक्षात हब शाफ्टवर डुगडुगत असतो, आणि थोड्याच काळात दोन्हींच्या स्प्लाइन खाल्ल्या जातात. त्याच १-१/८ इंच व्यासाचा २६ बारीक स्प्लाइनचा शाफ्टही जनरल मोटर्सने वापरला आहे. क्रायसलरच्या गाड्यांत १ इंच व्यासाचा २३ स्प्लाइनचा आणि १-३/१६ इंचाचा १८ स्प्लाइनचा, असे दोन शाफ्ट वारंवार भेटतात.

मोजताना एका स्प्लाइनवर खडूची खूण करा आणि तिथून एक फेरी मोजा. मग उलट दिशेने पुन्हा मोजा. संख्या विषम आली तर समोरासमोर स्प्लाइन येत नाही, त्यामुळे व्हर्निअर किंचित फिरवत सर्वात मोठा आकडा घ्या. शक्य असेल तर माप शाफ्टवरच घ्या. हबच्या आतलं माप घेणं अवघड असतं आणि झिजेमुळे ते फसवतं.

तिसरं, हब. मधल्या पातळीपासून तो कोणत्या बाजूला किती बाहेर आला आहे, हे दोन्ही बाजूंनी मोजा. डॅम्पर स्प्रिंग किती आहेत, चार की सहा, हेही लिहून ठेवा. कडक हबची प्लेट, म्हणजे मध्ये स्प्रिंगच नसलेली, फार जुन्या गाड्यांत आढळते. स्प्रिंगची संख्या वेगळी असली म्हणून प्लेट बाद होत नाही. हबची उंची मात्र नडू शकते.

प्लेटची कोणती बाजू फ्लायव्हीलकडे?

बहुतेक प्लेटवर स्प्रिंगचा उंच भाग गिअरबॉक्सकडे येतो आणि सपाट बाजू फ्लायव्हीलकडे. प्लेट उलटी बसली तर हब फ्लायव्हीलच्या मधल्या बोल्टला घासतो आणि क्लच सुटत नाही. पण अपवाद आहेत. म्हणून प्लेट हाताने फ्लायव्हीलवर धरून पाहा: लायनिंग पूर्ण टेकतं का, आणि मध्ये बोल्ट व हब यांच्यात मोकळी जागा राहते का. जर्मन प्लेटवर बाजू कोरलेली असते, पण ती वाचताना सावध राहा. ‘श्वुंगराडझायटे’ म्हणजे फ्लायव्हीलची बाजू आणि ‘गेट्रीबेझायटे’ म्हणजे गिअरबॉक्सची बाजू.

प्रेशर प्लेट कोणत्या प्रकारची आहे हे बघून कसं कळतं?

जुन्या गाड्यांत प्रामुख्याने तीन प्रकार सापडतात.

बोर्ग अँड बेक प्रकारात कव्हरच्या, म्हणजे प्रेशर प्लेटच्या बाहेरच्या आवरणाच्या, मध्यभागी तीन रुंद, पत्र्यातून दाबून काढलेल्या फिंगर (रिलीज बेअरिंग ज्यांना दाबतं त्या पट्ट्या) दिसतात. कव्हरखाली गोलाकार रांगेत कॉइल स्प्रिंग असतात. बोल्टची भोकं सहसा सारख्या अंतरावर. काहींमध्ये कव्हर आणि प्लेटच्या मध्ये छोटे रोलर असतात. वेग वाढला की ते बाहेरच्या बाजूला सरकतात आणि दाब वाढवतात. क्रायसलरच्या गाड्यांत हे रोलर पाहायला मिळतात. ते सुटून पडलेले भाग वाटले, तरी तिथे मुद्दाम ठेवलेले असतात. काढून टाकू नका.

लाँग प्रकारातही तीन फिंगर आणि कॉइल स्प्रिंग. पण फिंगर अरुंद असतात आणि त्यांच्या बाहेरच्या टोकाला वजन असतं. इंजिनाचा वेग वाढला की ही वजनं बाहेर फेकली जातात आणि प्लेटवरचा दाब वाढतो. त्यामुळे पायाखाली पेडल हलकं ठेवूनही जास्त वेगात चांगली पकड मिळते. बोल्टची भोकं बहुधा जोड्यांनी, असमान अंतरावर. फोर्डच्या जुन्या गाड्यांत हाच प्रकार नेहमीचा.

डायफ्रॅम प्रकारात कॉइल स्प्रिंग नसतातच. शंकूच्या आकाराची एकच स्प्रिंगची चकती असते आणि तिला मध्याकडे जाणाऱ्या अनेक पाकळ्या. शेव्हर्लेने १९३० च्या दशकाच्या अखेरीसच हा प्रकार वापरायला घेतला, त्यामुळे डायफ्रॅम दिसला म्हणजे भाग अलीकडचा, असा निष्कर्ष काढू नका. डायफ्रॅमच्या पाकळ्या सरळ आहेत की टोकाला वर वळलेल्या, हे नोंदवून ठेवा. रिलीज बेअरिंगच्या प्रश्नात हाच तपशील लागतो.

प्रकार ठरला की बोल्टचं वर्तुळ मोजा, बोल्टचा व्यास मोजा आणि डॉवेल पिन किती व कुठे आहेत ते बघा. डॉवेल कव्हरला मध्यभागी ठेवतात. बोल्ट बसले पण डॉवेल बसले नाहीत, तर ते कव्हर तुमच्या फ्लायव्हीलचं नाही. डॉवेल कापून बसवण्याचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. कव्हर मध्यापासून जरासं सरकलं तरी सगळा जोड असंतुलित फिरतो.

बोल्टच्या वर्तुळाचा व्यास कसा काढायचा?

भोकं सम असतील तर समोरासमोरच्या दोन भोकांच्या आतल्या कडांमधलं अंतर घ्या आणि त्यात एका भोकाचा व्यास मिळवा. सहा भोकं सारख्या अंतरावर असतील तर शेजारच्या दोन भोकांच्या मध्यांमधलं अंतर दुप्पट केलं तरी तोच आकडा येतो, म्हणजे पडताळाही होतो. तीन भोकं असतील तर शेजारच्या दोन मध्यांमधलं अंतर १.१५५ ने गुणा, पाच असतील तर १.७०१ ने. भोकं असमान अंतरावर असतील तर हे गणित चालत नाही. तेव्हा जाड कागदावर ठसा घ्या आणि तो कागदच पाठवा.

कॉइल स्प्रिंगच्या जागी डायफ्रॅम लावता येतो का?

अनेक गाड्यांत येतो, पण फ्लायव्हीलला त्या कव्हरची भोकं हवीत आणि रिलीज बेअरिंग त्याच्या उंचीचं हवं. मूळ गाडी जतन करायची असेल तर मूळ प्रकारच ठेवावा, असं माझं स्पष्ट मत आहे.

रिलीज बेअरिंग कसं ओळखायचं?

पहिला प्रश्न: ते खरोखर बेअरिंग आहे की कार्बनची कडी? एमजीबीसह अनेक ब्रिटिश गाड्यांत गोळ्यांचं बेअरिंग नसून धातूच्या वाटीत बसवलेली ग्रॅफाइटची कडी असते. ती प्रेशर प्लेटवरच्या गुळगुळीत चकतीवर घासते. ती चकती नसलेल्या कव्हरवर कार्बनची कडी लावली तर पाकळ्या तिला किसून काढतात.

दुसरा प्रश्न उंचीचा. शेव्हर्लेत वर वळलेल्या पाकळ्यांच्या डायफ्रॅमला आखूड बेअरिंग लागतं, साधारण १-१/४ इंच उंचीचं. सरळ पाकळ्यांच्या डायफ्रॅमला आणि तीन फिंगरच्या बोर्ग अँड बेकला लांब बेअरिंग, पावणेदोन इंचांच्या पुढचं. आखूडच्या जागी लांब बसलं तर फोर्क, म्हणजे बेअरिंगला ढकलणारा काटा, आधीच ताणलेला राहतो आणि क्लच कायम घसरतो. लांबच्या जागी आखूड बसलं तर पेडल तळाला टेकलं तरी क्लच सुटत नाही. नवा क्लच बसवूनही पेडल जुळत नाही, अशी तक्रार आली की सर्वात आधी हे माप बघावं.

फोक्सवॅगन बीटलमध्ये १९७१च्या सुमारास बदल झाला. आधीचं बेअरिंग क्लिपांनी फोर्कला अडकवलेलं असतं आणि त्याच्या प्रेशर प्लेटला मध्ये एक कडी असते. नंतरचं बेअरिंग गिअरबॉक्सवरच्या मार्गदर्शक नळीवर सरकतं आणि त्याच्या प्रेशर प्लेटला ती कडी नसते. गिअरबॉक्सवर नळी आहे का ते पाहिलं की जोडी ठरली.

फ्लायव्हीलवर काय काय बघायचं?

समोरून पाहा. घर्षणाचा पृष्ठभाग आणि प्रेशर प्लेट जिथे बसते तो पृष्ठभाग एकाच पातळीत असतील तर फ्लायव्हील सपाट आहे. पातळी वेगळी असेल तर ते खोलगट किंवा पायरीचं आहे. बीटलचं फ्लायव्हील खोलगट असतं, प्लेट त्याच्या पोटात बसते. खोलगट फ्लायव्हीलवर पायरीची उंची हे सर्वात महत्त्वाचं माप आहे. सरळ कडेची पट्टी बोल्टच्या पृष्ठभागावर आडवी ठेवा आणि डेप्थ गेजने घर्षणाच्या पृष्ठभागापर्यंतची खोली तीन ठिकाणी मोजा. आकडे वेगवेगळे आले तर कुणीतरी ते तिरकं घासलेलं आहे.

आधीच्या मालकाने फक्त घर्षणाचा पृष्ठभाग ग्राइंड करून घेतला असेल तर खोली वाढलेली असते. त्याचा परिणाम प्लेट झिजल्यासारखाच होतो: दाब कमी पडतो आणि फिंगरची टोकं गिअरबॉक्सकडे सरकतात. मग कोरी प्लेट घालूनही क्लच घसरतो आणि दोष प्लेटवर येतो. घर्षणाच्या पृष्ठभागावरून जितका धातू काढला, तितकाच बोल्टच्या पृष्ठभागावरूनही काढायला हवा.

मग मागून पाहा: क्रँकच्या बोल्टची भोकं, मधलं भोक, डॉवेल, आणि वजनासाठी केलेली छिद्रं किंवा ओतलेला जाड भाग.

रिंग गिअरचे, म्हणजे फ्लायव्हीलच्या कडेवरच्या दातेरी कडीचे, दाते मोजणं इतकं का महत्त्वाचं?

कारण एकाच इंजिनाला दोन आकारांची फ्लायव्हील्स बसतात आणि प्रत्येकाला वेगळा स्टार्टर लागतो. शेव्हर्लेच्या ‘स्मॉल ब्लॉक’ इंजिनाला १५३ दात्यांचं आणि १६८ दात्यांचं, अशी दोन फ्लायव्हील्स आहेत. पहिल्याचा व्यास साधारण १२-३/४ इंच, दुसऱ्याचा १४ इंच. १५३ दात्यांच्या स्टार्टरचे दोन बोल्ट सरळ एका रेषेत येतात, १६८च्या स्टार्टरचे तिरके, पुढेमागे. म्हणजे इंजिनाखाली वाकून स्टार्टरचे बोल्ट पाहिले तरी आत काय आहे याचा अंदाज येतो. अंदाजच, कारण दोन्ही भोकं असलेले ब्लॉक आहेत आणि दोन्हींना बसणारे स्टार्टरही नंतर निघाले.

बीटलचं ६ व्होल्टचं फ्लायव्हील १०९ दात्यांचं आणि १८० मिलिमीटर क्लचचं. १२ व्होल्टचं १३० दात्यांचं. ते आकाराने मोठं असल्यामुळे जुन्या ६ व्होल्टच्या गिअरबॉक्सच्या घरात ते घासतं, आतून थोडा धातू काढावा लागतो. विलीज जीपच्या चार सिलिंडर इंजिनांवर ९७, १२४ आणि १२९ अशा तीन संख्या भेटतात. ९७ युद्धकाळातल्या जीपची, १२९ नंतरच्या १२ व्होल्टच्या गाड्यांची. क्रायसलरकडे १३० आणि १४३.

मोजताना एका दात्याला खडू लावा, दर दहाव्या दात्यावर खूण करत जा आणि पूर्ण फेरी दोनदा मोजा. एका दात्याची चूकही चालत नाही. फ्लायव्हील अजून इंजिनावरच असेल तर ते हाताने फिरवून बेलहाउसिंगच्या खिडकीतून मोजता येतं. त्याआधी बॅटरीची तार काढा.

दात्यांची उतरती कड कोणत्या बाजूला आहे हेही लिहा. स्टार्टरचं पिनियन ज्या बाजूने येतं तिकडे ही उतरती कड असते. बेंडिक्स पद्धतीच्या काही स्टार्टरमध्ये पिनियन मोटरकडे ओढलं जातं, काहींत मोटरपासून दूर फेकलं जातं. रिंग गिअर उलटा चढवला तर दाते नीट मिळत नाहीत आणि कडा तुटत जातात. रिंग बहुतेकदा तापवून बसवलेली असते. नवी रिंग साधारण २०० ते २३० अंश सेल्सिअसपर्यंत सगळीकडून सारखी तापवून थंड फ्लायव्हीलवर ठेवतात. त्याहून फार तापवली तर दात्यांचा कडकपणा जातो.

फ्लायव्हीलच्या एका बाजूला जड भाग आहे. तो दोष आहे का?

नाही, आणि तो कापूनही टाकू नका. काही इंजिनांचा क्रँकशाफ्ट स्वतःपुरता संतुलित असतो, त्यांना गोलभर सारख्या वजनाचं फ्लायव्हील लागतं. काहींमध्ये संतुलनाचा काही भाग मुद्दाम फ्लायव्हीलवर आणि पुढच्या पुलीवर ठेवलेला असतो. शेव्हर्लेचं ४०० घनइंचाचं स्मॉल ब्लॉक आणि ४५४ घनइंचाचं बिग ब्लॉक अशा बाहेरून संतुलित इंजिनांत मोडतात. फोर्डच्या २८९ आणि ३०२ इंजिनांना २८ औंस-इंचाचं असंतुलन असलेलं फ्लायव्हील लागायचं. १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला ३०२ साठी तो आकडा ५० औंस-इंच झाला. दोन्ही फ्लायव्हील्स एकाच क्रँकवर बोल्टने बसतात, म्हणूनच धोका. चुकीचं बसलं की वेग वाढताना इंजिन थरथरतं आणि मुख्य बेअरिंग खराब होतात.

छोटी दोन-तीन ड्रिलची छिद्रं तर संतुलित फ्लायव्हीलवरही असतात, त्यांच्यावरून काही ठरवू नका. मोठा ओतलेला उंचवटा, अर्धचंद्राकृती खाच किंवा एकाच बाजूला मोठ्या छिद्रांची रांग दिसली तर बाहेरून संतुलनाचा संशय घ्या. असं फ्लायव्हील संतुलनासाठी देताना जुन्याच्या बरोबरीने करून मागा. ‘शून्यावर आणा’ म्हटलं तर इंजिनाला हवं असलेलं असंतुलनच नाहीसं होतं.

क्रँकच्या टोकाला काय मोजायचं?

बोल्ट किती, त्यांचं वर्तुळ किती आणि मधला उंचवटा किती. शेव्हर्लेच्या स्मॉल ब्लॉकमध्ये १९८६ पासून मागचं ऑइल सील एकसंध झालं आणि बोल्टचं वर्तुळ ३.५८ इंचांवरून ३ इंचांवर आलं. त्यामुळे बाहेरून तेच वाटणारं इंजिन जुनं फ्लायव्हील घेत नाही. क्रायसलरच्या बहुतेक इंजिनांना सहा बोल्ट, ४२६ हेमीला आठ. अनेक क्रँकवर एक भोक मुद्दाम सरकवलेलं असतं, म्हणजे फ्लायव्हील एकाच स्थितीत बसतं. ते भोक नोंदवून ठेवा.

बीटलमध्ये सगळं वेगळं आहे. बोल्टचं वर्तुळच नाही. मधला एकच ३६ मिलिमीटरचा मोठा नट आणि चार डॉवेल पिन. पायलट बेअरिंग, म्हणजे इनपुट शाफ्टच्या टोकाला आधार देणारं बेअरिंग, त्या नटाच्या पोटातच असतं. डॉवेलची भोकं लांबट झाली असतील तर ते फ्लायव्हील पुन्हा वापरू नका. फ्लायव्हीलच्या आतल्या कडेला ओ-रिंगची खाच आहे की नाही तेही बघा. जुन्या इंजिनांत तिथे पातळ गॅसकेट असे, नंतरच्यांत ओ-रिंग.

भागांवर कोरलेले आकडे वाचता येतात का?

काही कंपन्यांचे चांगले वाचता येतात. फोर्डच्या आकड्यांत मधला मूळ अंक भाग सांगतो: ६३७५ फ्लायव्हील, ६३८४ रिंग गिअर, ७५५० क्लच प्लेट, ७५६३ प्रेशर प्लेट, ७५४८ रिलीज बेअरिंग, ७६०० पायलट. त्याच्या आधीच्या अक्षरांत पहिलं अक्षर दशकाचं. ‘सी’ म्हणजे १९६०चं दशक, ‘डी’ म्हणजे १९७०चं. पुढचा अंक वर्षाचा, म्हणजे ‘सी५’ १९६५. तिसरं अक्षर गाडीचं, जसं ‘झेड’ मस्टँगसाठी. मात्र हे वर्ष त्या भागाच्या आराखड्याचं असतं. १९६५चा आराखडा १९६८च्या गाडीतही सापडतो. शिवाय ओतकामावरचा आकडा आणि दुकानात मागायचा आकडा एकच नसतो. एकाच ओतीव तुकड्यातून वेगवेगळी भोकं पाडून दोन फ्लायव्हील्स बनू शकतात.

लुक कंपनीच्या आकड्यात पहिला अंक भाग सांगतो: १ प्रेशर प्लेट, ३ क्लच प्लेट, ५ बेअरिंग, ६ पूर्ण संच. पुढचे दोन अंक व्यास सेंटिमीटरमध्ये. म्हणजे ६२२ ने सुरू होणारा आकडा २२० मिलिमीटरचा संच. झाक्स कंपनीच्या आकड्यांत ३०८२ ने प्रेशर प्लेट, १८ ने सुरू होणाऱ्या आकड्यांत क्लच प्लेट आणि ३१५१ ने बेअरिंग ओळखतात. त्यांच्या कव्हरवर ‘एम २१५’ किंवा ‘एमएफ २२८’ असंही कोरलेलं असतं. ‘एम’ डायफ्रॅमसाठी आणि अंक व्यासाचा, मिलिमीटरमध्ये.

शेव्हर्लेच्या ओतीव भागांवर तारीख असते. ‘ए’ ते ‘एल’ ही अक्षरं जानेवारी ते डिसेंबर, मग दिवस, मग वर्षाचा शेवटचा अंक. ‘सी १४ ८’ म्हणजे १४ मार्च, पण ५८, ६८ की ७८, हे इतर खुणांवरूनच ठरवावं लागतं.

गंजाखाली गेलेला आकडा वायर ब्रशने जोरात घासू नका. पृष्ठभाग तेलाने पुसा, त्यावर खडू चोळा आणि दिवा बाजूने तिरका धरा. उठावाचे आकडे छान वाचता येतात.

पायलट बुश आहे की बेअरिंग?

क्रँकच्या मध्यात बोट घाला. गुळगुळीत, पिवळसर नळी असेल तर बुश, बारीक रोलर किंवा गोळ्या लागल्या तर बेअरिंग. लोहचुंबक लावून पाहा. कांस्याच्या बुशला तो चिकटत नाही, चिकटला तर बुशमध्ये लोखंड आहे. आतला व्यास शाफ्टच्या टोकाशी आणि बाहेरचा क्रँकच्या भोकाशी जुळवा. दुसऱ्या कंपनीचा गिअरबॉक्स जोडलेल्या गाडीत या दोन मापांसाठी बुश खास बनवून घ्यावा लागतो.

नेहमीच्या रचनेत न बसणारे क्लच कोणते?

हडसनच्या गाड्यांचा क्लच तेलात फिरतो आणि त्याच्या प्लेटमध्ये बुचाचे, म्हणजे कॉर्कचे, तुकडे बसवलेले असतात. असा भाग हातात आला तर तो खराब झालेली प्लेट समजून फेकू नका. फोर्ड मॉडेल ए सुरुवातीला अनेक चकत्यांच्या क्लचसह आली आणि १९२८च्या अखेरीस तिला एका प्लेटचा क्लच मिळाला. त्यामुळे सुरुवातीच्या गाडीतले भाग नंतरच्या यादीत सापडणार नाहीत. मूळ मिनीत फ्लायव्हील क्रँकच्या निमुळत्या टोकावर बसतं आणि ते काढायला खास पुलर लागतो. तिथे १९८२ पासून ‘व्हर्टो’ नावाची वेगळी रचना आली, जुन्या आणि नव्याचे भाग एकमेकांत बसत नाहीत. पहिल्या पिढीच्या फोक्सवॅगन गोल्फमध्ये क्रम उलटा आहे: क्रँकला प्रेशर प्लेट, आणि तिच्यावर फ्लायव्हील. सिट्रोएन २सीव्हीच्या काही गाड्यांत केंद्रापसारी क्लचही होता.

जुनं फ्लायव्हील परत वापरावं का?

बहुतेक जुनी फ्लायव्हील्स बिडाची आहेत आणि चांगली असतील तर वापरण्यासारखी आहेत. निळसर डाग उष्णतेचे असतात, तिथला धातू कडक झालेला असतो. लेथचं हत्यार अशा डागावरून उसळतं आणि उंचवटा सोडून जातं, म्हणून ग्राइंडिंगच करून घ्या. पृष्ठभागावरच्या केसासारख्या बारीक तड्या ग्राइंडिंगमध्ये जातात का ते पाहा. बोल्टच्या भोकापासून निघालेली किंवा मध्यापर्यंत गेलेली तडा मात्र निकालाची. तडा गेलेलं बिडाचं फ्लायव्हील फिरताना फुटतं आणि त्याचे तुकडे बेलहाउसिंग फोडून गाडीच्या आत येऊ शकतात. इथे काटकसर करायची नाही.

जुना साठा, म्हणजे कधीही न वापरलेली दशकांपूर्वीची प्लेट, चालेल का?

प्रदर्शनात मांडायला उत्तम. रस्त्यावर लावायला मी सांगणार नाही. लायनिंगमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असण्याची दाट शक्यता, ओलाव्याने रिव्हेटभोवती गंज, आणि स्प्रिंगची चकती अडकलेली. मात्र ओळखीसाठी असा भाग अमोल आहे, कारण त्याची सगळी मापं मूळ आहेत. मोजा, फोटो काढा आणि बंद पिशवीत जपून ठेवा.

सगळे भाग आले. बसवण्याआधी शेवटची तपासणी काय?

प्रत्येक सांधा हाताने जोडून पाहा. क्लच प्लेट शाफ्टवर पूर्ण लांबीभर सरकली पाहिजे, अडकता कामा नये आणि डुगडुगताही कामा नये. पायलट शाफ्टच्या टोकावर चढवून बघा. फ्लायव्हीलवर प्लेट आणि कव्हर ठेवून बोल्ट आणि डॉवेल बसतात का बघा, मग सगळे बोल्ट आळीपाळीने थोडे थोडे आवळा आणि फिंगरची टोकं एका पातळीत येतात का ते मोजा. शेवटी रिलीज बेअरिंग कव्हरवर ठेवा: ते फिंगरवर गोलभर टेकतं का, की आतल्या भोकात घुसतं? व्यास चुकला असेल तर इथे लगेच दिसतं.

जुने भाग आता टाकून द्यावेत का?

नाही. दुर्मीळ गाड्यांच्या प्लेटला नवं लायनिंग लावून मिळतं, प्रेशर प्लेटची पुनर्बांधणी होते, आणि दोन्हीसाठी मूळ हब आणि मूळ कव्हरच लागतं. प्लेट ओलसर पुसून जाड पिशवीत बंद करा, बाहेर ‘अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतो’ असं ठळक लिहा. बिडाच्या आणि पोलादाच्या भागांना हलकं तेल लावा. प्रत्येक भागाला चिठ्ठी बांधा: गाडी, इंजिनाचा क्रमांक, दात्यांची संख्या, स्प्लाइनची संख्या आणि व्यास.